गुनवोरच्या रक्तातला बदनाम निरोप्या

मी गुनवोरच्या रक्तातून बोलतोय. आवाज बारीक येत असेल तर सांभाळून घ्या. सुईच्या टोकावर माझ्यासारख्यांची जत्रा भरवली तरी जागा उरेल, एवढासा मी आहे. मी एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन. कागदोपत्री माझं नाव एरिथ्रोपोएटिन. हे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण त्याने स्वतःच्या मुलाचं नाव असं खचितच ठेवलं नसतं. बर्फावर स्की लावून शर्यती करणारे लोक मला नुसतं ईपीओ म्हणतात, आणि तेही इकडेतिकडे बघून, हळूच. म्हणजे माझी कीर्ती काय आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझा जन्म मूत्रपिंडातला. मूत्रपिंडाला एकच काम असतं असा सगळ्यांचा समज आहे, आणि ते काम जेवताना बोलायचं नसतं. पण तिथल्या काही पेशी दिवसभर रक्त हुंगत बसलेल्या असतात. रक्तात प्राणवायू कमी पडतोय असं वाटलं की त्या मला जन्माला घालतात आणि लगेच कामाला पिटाळतात. हाडांच्या आत मज्जेत जायचं आणि निरोप द्यायचा, की बाबांनो, तांबड्या पेशी कमी पडतायत, भट्टी वाढवा.

मज्जेतल्या कोवळ्या पेशी तो निरोप ऐकतात, कामाला लागतात आणि जाता जाता निरोप्यालाच गिळून टाकतात. तिथली रीतच तशी आहे. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. माझं आयुष्य काही तासांचं, तेव्हा मी 'मी' म्हणतो ते एकट्यापुरतं धरू नका. एक गेला की दुसरा निघतो आणि आधीच्याच्या आठवणी घेऊन निघतो.

हे सगळं मला ऐकू कसं येतं म्हणाल, तर रक्ताबरोबर हिंडताना कानावरून फेरी होते आणि तिथे मी जरा रेंगाळतो. कामचुकारपणा म्हणा हवं तर.

गुनवोर नॉर्वेतल्या स्कार्डाल नावाच्या खोऱ्यातली. शाळेत खेळ शिकवायची आणि शाळा सुटली की स्की क्लबच्या पोरांना पळवायची. आता साठी उलटली आहे, पण ती निवृत्त झाली ती फक्त पगारातून. समोरचा माणूस चुकून खोकला तरी 'श्वास नाकाने घे' असं सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही. तिचा नवरा ऐविन सुतारकाम करायचा. बोलायचा कमी आणि वॅफल, म्हणजे साच्यात भाजलेले गोड घावन, करायचा जास्त. संसार टिकला तो त्यामुळेच, असं खोऱ्यात म्हणतात.

दर शरद ऋतूत गुनवोर क्लबची पोरं घेऊन उंच डोंगरावर जायची आणि काही आठवडे त्यांना तिथेच झोपवायची. वरची हवा विरळ. प्राणवायू कमी पडला की मी कामाला लागणार, मी लागलो की रक्त दाट होणार, आणि खाली आल्यावर पोरं हरणासारखी पळणार. हे सगळं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बाई आयुष्यभर माझ्या कष्टांवर चषक मिळवत आली आणि तोंडाने मात्र माझ्या नावाने खडे फोडत राहिली.

त्याला कारण स्टायनार. तिच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात वेगवान मुलगा. अठरा वर्षांपूर्वी एका मोठ्या शर्यतीनंतर त्याच्या तपासणीत मी सापडलो. मी म्हणजे त्याच्या घरचा नव्हे, बाटलीतला. शर्यतीत बंदी असलेला, कारखान्यात वाढवलेला माझा जुळा भाऊ त्याने सुईने अंगात घेतला होता. वर्तमानपत्रांत खोऱ्याचं नाव आलं. गुनवोरने क्लबच्या लाकडी घरात सगळ्यांना गोळा केलं, त्याला मधोमध उभं केलं आणि म्हणाली, जे आपलं नाही ते अंगात घालायचं नसतं, तू पुन्हा इथे पाय ठेवायचा नाहीस. त्या दिवसापासून स्टायनार तिच्यापुरता मेला.

अडचण एवढीच होती, की हा मेलेला माणूस बर्फात स्कीच्या वाटा आखणारं मशीन चालवायचा. थंडीच्या दिवसांत पहाटे उठून तो सगळ्या खोऱ्यासाठी दोन-दोन सरळ चाकोऱ्या पाडायचा आणि गुनवोर रोज त्यावरूनच जायची. आज वाट सुरेख झालीय, असं ती ऐविनला सांगायची, जणू बर्फाने रात्रीतून स्वतःच ती पाडून ठेवली होती. ऐविन मान डोलवायचा आणि वॅफलवर जॅम घालायचा.

मग आजार आला. या वयात जे रक्त जायला नको ते जायला लागलं. गुनवोरने बरेच दिवस ते कोणाला सांगितलं नाही. आपण दुर्लक्ष केलं की दुखणं लाजून निघून जाईल, अशी तिची समजूत होती. शेवटी ऐविनने तिला जवळजवळ उचलूनच खालच्या शहरातल्या इस्पितळात नेलं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला.

तिथली डॉक्टर इडुन ही किनाऱ्याकडची तरुण मुलगी. तिकडे बारा महिने पाऊस, म्हणून आमच्या खोऱ्यातले लोक त्यांना बेडूक म्हणतात. इडुन म्हणाली, आठवड्याचे पाच दिवस किरणं द्यायची, एक दिवस औषधाची सलाईन लावायची. बरी होऊ शकशील, पण मध्ये खंड पडता कामा नये. गुनवोरला हे फार आवडलं. शिस्त, वेळापत्रक, खाडा नाही. कोणीतरी आपल्यालाच सराव देतंय, असं तिला वाटलं.

आता माझ्यावर काय गुदरलं ते ऐका.

सलाईनमधून आलेलं औषध म्हणजे प्लॅटिनम. लोक बोटात मिरवतात तोच धातू. भराभर वाढणारी पेशी दिसली की मारायची एवढंच त्याला कळतं. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मेल्या. पण मज्जेतल्या कोवळ्या पेशीही भराभर वाढतात. त्यांचा गुन्हा काय? किरणांचं म्हणाल तर ती कमरेवर पडायची, आणि कमरेच्या हाडांत तर माझी सगळ्यात मोठी भट्टी. मी नेहमीसारखा निरोप घेऊन गेलो तर आत सामसूम. हाक मारली, उत्तर नाही. मागून दुसरा आला, तिसरा आला. आम्हाला गिळायलाच कोणी उरलं नव्हतं, मग आम्ही मरणार तरी कसे? रक्तात आमची अशी गर्दी झाली की एकमेकांच्या पायांवर पाय पडायला लागले. गंमत म्हणजे तोवर तिचं रक्त फारसं कमीही झालं नव्हतं, पण आम्ही मात्र पूर आल्यासारखे वाढलो होतो.

इडुनला असल्या गोष्टींची हौस. तिने माझं मोजमाप करून घेतलं आणि आकडा बघून तिला हसू आलं. तिने सहज थट्टा केली, की हा आकडा एखाद्या शर्यतीत सापडला असता तर तुला जन्मभर घरी बसवलं असतं. गुनवोरचा चेहरा असा झाला की ऐविनला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. श्वास नाकाने घे, असं ती त्याच्यामागून ओरडली.

अगं, हे तुझं स्वतःचंच आहे, इडुनने घाईघाईने समजावलं. मग एवढं आहे तर रक्त वाढत का नाही, असा गुनवोरचा प्रश्न. हाका मारणारे पुष्कळ आहेत, ऐकणारे उरले नाहीत, असं डॉक्टर म्हणाली. मी कानापाशीच होतो. इतकं सरळ माझं दुःख कोणी कधी सांगितलं नव्हतं.

पण गुनवोरने त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं. आपल्यात ताकद आहे, फक्त जोर कमी पडतोय, असा तिने अर्थ लावला. खेळ शिकवणाऱ्यांना दुसरा अर्थ लागतच नाही.

पुढे पुढे आणखी वाईट झालं. प्लॅटिनम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडातून आणि जाताना तिथली नासधूस करून जातं. मला जन्म देणाऱ्या पेशींचं नाकच गेलं. रक्त उतरत होतं आणि त्यांना त्याचा पुरता वास लागेना. आधी आमची गर्दी होती, ती ओसरली. जेव्हा आम्ही हवे होतो तेव्हा आम्ही थोडे, आणि जे थोडे होतो त्यांनाही दार उघडायला कोणी नाही. गुनवोर जिना चढताना मध्ये थांबायला लागली. थांबून भिंतीवरची चित्रं बघतेय असं दाखवायची. इस्पितळाच्या जिन्यात चित्रं नव्हती, आग लागल्यावर काय करावं त्याच्या सूचना होत्या. त्या तिने पाठ केल्या.

ईस्टरच्या सुट्टीआधी इडुनने तिला समोर बसवलं. सणामुळे किरणांचं मशीन काही दिवस बंद राहणार होतं, ते दिवस पुढे भरून काढायचे ठरलं होतं. पण रक्त फार खाली गेलंय, असं ती म्हणाली. किरणांना गाठ मारायला प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू वाहून नेणारेच कमी असतील तर किरणं अर्धंमुर्धं काम करतात. सलाईनही थांबवावी लागेल. तेव्हा आजच रक्ताच्या दोन पिशव्या चढवून टाकू.

"नको," गुनवोर म्हणाली.

इडुनला वाटलं तिला सुईची भीती वाटते.

"दुसऱ्याच्या रक्तावर मी आजवर एक पाऊल टाकलेलं नाही," गुनवोर म्हणाली. "अशा लोकांना मी क्लबातून हाकललंय. आणि ते ईपीओचं इंजेक्शन तर काढूच नकोस."

"ते मी देणारच नव्हते. जिला पूर्ण बरं करायचंय तिला ते देत नाहीत. गाठीलाच त्याचा फायदा होईल अशी भीती असते."

माझा असा अपमान माझ्याच तोंडावर झाला. पण खरं होतं ते, करणार काय?

गुनवोर म्हणाली, मला ईस्टरपुरता वेळ दे, रक्त कसं वाढवायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. कसं, असं इडुनने विचारलं. उंचावर झोपून, असं उत्तर आलं. इडुनने कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, की मज्जेतच कोणी नसेल तर डोंगर काय करणार? गुनवोरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू स्की करतेस का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग राहू दे."

ईस्टरला आमचं सगळं खोरं डोंगरावर जातं. प्रत्येकाचं वर एक लाकडी घर असतं, तिथे शेकोटी पेटवायची, संत्री खायची आणि उन्हात तोंड भाजून घ्यायचं. त्यामुळे गुनवोर निघाली याचं कोणाला नवल वाटलं नाही. ऐविनने गाडी वरच्या रस्त्यापर्यंत नेली. तिथून घर जवळच, पण स्कीवरून जावं लागतं. ऐविन सामानाची बर्फावरची घसरगाडी ओढत होता. तीत बस, असं त्याने एकदाच सुचवलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढची सगळी वाट तो हवापाण्यावरच बोलत राहिला.

घरात पोचल्यावर ती खिडकी उघडी टाकून झोपली. ऐविन दोन पांघरुणं आणि लोकरी टोपी घालून तिच्या शेजारी कुडकुडत पडला. सकाळी उठल्यावर ती आरशात ओठ बघायची. पांढरेच. दुसऱ्या दिवशी बघायची. अजून पांढरे. उजेडच वाईट आहे, असं ऐविनला सांगायची.

आणि मी? वरची हवा विरळ. त्या बिचाऱ्या नाक गेलेल्या पेशींनी जीव काढून मला पाठवलं. मी कमरेच्या हाडांत गेलो, मणक्यांत गेलो, फासळ्यांत गेलो. घसा फुटेस्तोवर ओरडलो. कोणी नव्हतं. धडधाकट पोरांनासुद्धा रक्त वाढायला आठवडे लागतात, आणि ही बाई सणाच्या सुट्टीत भिंत नसलेल्या घराला रंग देऊ बघत होती. आयुष्यभर तिने मला शिव्या दिल्या, पण त्या दिवशी मला तिची दया आली. तिचा माझ्यावर भरवसा होता. आजवर कोणी माझ्यावर एवढा भरवसा ठेवला नव्हता, आणि मला तो राखता येत नव्हता.

शनिवारी ती म्हणाली, तळ्याच्या वळणापर्यंत जाऊन येते. ऐविनने वॅफलचं पीठ भिजवलेलं होतं. पीठ तसंच ठेवलं तर बसतं, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे तिला अडवण्याची हिंमत त्याच्यात नव्हती आणि तिला पडताना बघण्याची तर त्याहून नव्हती.

वळणाच्या थोडं अलीकडे तिचे पाय थांबले. हृदय धडधडा उडत होतं. ओझं वाहणारेच नाहीत म्हटल्यावर मुकादमाने कितीही आरडाओरडा करून काय उपयोग? ती खाली बसली, ती नेमकी नुकत्याच पाडलेल्या चाकोऱ्यांवर. पाडलेल्या वाटेवर बसणं म्हणजे आमच्याकडे चुलीवर पाय ठेवण्यासारखं. त्यावरून तिने आयुष्यभर पोरांना झापलंय.

तेवढ्यात मागून मशीनची घरघर आली. स्टायनार होता. मशीन थांबवून तो खाली उतरला. आता चाळिशीचा, दाढीत बर्फ अडकलेला.

"वाट मोडलीस," तो म्हणाला.

आमच्या खोऱ्यात शाळेतली पोरंही बाईंना नावानेच हाक मारतात, पण त्याने तिचं नाव घेतलं नाही. गुनवोरने बाजूला सरकायचा प्रयत्न केला. सरकता येईना. ते त्याला दिसलं. त्याने मशीन बंद केलं आणि तिच्याशेजारी, स्वतःच पाडलेल्या वाटेवर, बसकण मारली. खिशातून संत्रं काढून सोलायला लागला.

"मी तुझ्याशी बोलत नाही," गुनवोर म्हणाली.

"माहीत आहे. संत्रं खा."

तिने एक फोड घेतली. मग दुसरी. धाप थोडी बसल्यावर तिने समोरच्या डोंगराला सांगितल्यासारखं सगळं सांगून टाकलं. किरणं, सलाईन, उतरलेलं रक्त, त्या दोन पिशव्या. स्टायनार सालं खिशात भरत ऐकत होता.

"मग घे की," तो म्हणाला.

"घे काय? तुला मी कशासाठी हाकललं?"

"मी घेतलं ते पुढच्याला मागे टाकायला. माझ्या छातीवर नंबर होता." त्याने बोट दाखवलं. "तुझ्या छातीवर नंबर कुठाय?"

गुनवोरने खरोखरच खाली मान घालून आपल्या जाकिटाकडे पाहिलं.

"कोणाला हरवायचंय तुला, गुनवोर?"

तिने आणखी एक फोड घेतली आणि तिच्यावरचे पांढरे धागे एकेक सोलत बसली. मी कानात अडकून बसलो होतो, पुढे जायचं भानच राहिलं नव्हतं.

"कोणालाच नाही," ती शेवटी म्हणाली. "पण ते माझं नसेल ना रे. बरी झाले तर ते मी केलेलं नसेल."

"नसू दे," स्टायनार म्हणाला. "जे आपलं नाही ते अंगात घालायचं नसतं, असं तू म्हणालीस. पाठ आहे मला. माझ्या बाबतीत ते बरोबरच होतं, मी कधी कोणाकडे तक्रार केली नाही. पण ते शर्यतीतलं होतं. सगळंच शर्यत नसतं, हे तू कधी शिकवलंच नाहीस. मला तरी नाही."

गुनवोरच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीमुळे आलं असं ती म्हणेल, पण मी आतून सांगतो, थंडीचं नव्हतं ते.

"मशीनमध्ये जागा आहे का?" तिने विचारलं.

"एकाची आहे. तिथे फावडं ठेवलंय, ते काढतो."

फावड्याच्या जागी गुनवोर बसली आणि मशीन घराकडे निघालं. उतारावरची पोरं तोंडाचा आ करून बघत राहिली. अठरा वर्षांत न बोललेली माणसं एकाच खोक्यात बसून चालली होती. थोडं पुढे गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं आणि डावी चाकोरी वाकडी पडतेय, असं त्याला सुनावलं. तुझ्या वजनाने पडतेय, असं तो म्हणाला. ऐविन दारात ताटली घेऊन उभा होता. मशीनमधून कोण उतरतंय ते बघून तो आत गेला आणि तिसरी ताटली घेऊन आला. 

त्याच दिवशी ते खाली गेले. सणाच्या दिवशी इस्पितळ ओकंबोकं होतं, पण इडुन कामावर होती. गुनवोरने बाही वर केली आणि म्हणाली, घाल. इडुनने कशामुळे विचार बदलला ते विचारलं नाही. शहाणी मुलगी. बेडकांतही असतात.

पिशवीतून थेंब थेंब परके यायला लागले. मी आतून बघत होतो. सगळे तांबडे, धष्टपुष्ट, कामाची सवय असलेले. कोणी विचारलं नाही की हे कोणाचं घर, इथे आम्ही का राबायचं. आले तसे प्राणवायूची ओझी उचलून चालायला लागले. थोड्या वेळाने गुनवोरच्या ओठांवर रंग आला. ऐविनने तो पाहिला आणि खिडकीबाहेर बघत नाक शिंकरलं.

आता माझी गंमत बघा. प्राणवायू पुरेसा आला म्हटल्यावर मूत्रपिंडाने मला पाठवणंच कमी केलं. पाहुणे आले आणि घरच्याला सुट्टी. थोडं वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण ओस पडलेल्या हाडांत उगाच ओरडत फिरण्यापेक्षा हे बरं होतं.

सलाईन चुकली नाही. किरणं ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली. उन्हाळा सरता सरता तपासणी झाली, तेव्हा इडुन म्हणाली, गाठ कुठे दिसत नाही. आम्ही अजून काही वर्षं तुझ्यावर नजर ठेवणार, पण आज घरी जा आणि वॅफल खा. पहिल्यांदाच एखाद्या डॉक्टरने आपल्या मनासारखं औषध दिलं, असं ऐविनचं मत पडलं.

रक्त कोणाचं होतं ते इस्पितळवाले सांगत नाहीत. गुनवोरने खोदून खोदून विचारलं, तरी नाही. त्याचा परिणाम असा झाला की ती आता सगळ्यांशीच बरं वागते. दुकानात गल्ल्यावर बसणारी चिडकी बाई, कुत्र्याला मोकळं सोडणारा शेजारी, रस्त्यात गाडी आडवी लावणारा पाव भाजणारा, कोणालाही काही बोलायला तोंड उघडलं की तिच्या मनात येतं, कोण जाणे, याचंच असेल. मग ती तोंड मिटते. हे रक्त तुला लग्नाआधीच का नाही चढवलं, असं ऐविनने एकदा विचारलं. त्या दिवशी त्याला वॅफलचं भांडं स्वतःच घासावं लागलं.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. मूत्रपिंडाचं नाक थोडं परत आलंय, पूर्ण नाही. कमरेतली भट्टी किरणांनी जाळली ती जवळजवळ थंडच आहे, पण मणके आणि फासळ्या हळूहळू धुगधुगायला लागल्या. परवा एका कोवळ्या पेशीने माझा निरोप ऐकला आणि मला गिळून टाकलं. काय सांगू, इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. गुनवोर स्की लावून निघाली ती सावकाश, मध्ये मध्ये थांबत. कालची पोरंही तिच्या शेजारून सटासट पुढे गेली. तिने कोणाला श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं नाही. समोरून मशीन आलं. ती वाटेच्या कडेला उभी राहिली आणि हात वर करून तिने ते थांबवलं.

"स्टायनार, तू रक्त देतोस का रे?"

"देतो. गेली दहा-बारा वर्षं."

"खालच्या इस्पितळातच?"

"हो. का?"

गुनवोरने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत, जणू शर्यतीआधी पोराची तयारी तपासतेय.

"काही नाही. तुझं नसलं म्हणजे मिळवली." ती काठ्या टेकून पुढे निघाली. थोडी पुढे जाऊन थांबली आणि मागे न बघताच म्हणाली, "असलं तरी चालेल."

हे ऐकायला मी कानापाशी जरा जास्तच थांबलो, आणि त्यात माझे उरलेसुरले तास संपत आले. आता निघायला हवं. तुमच्याही मूत्रपिंडात माझे भाऊबंद आहेत, चोख काम करतात. पण एखाद्या दिवशी त्यांचं कोणी ऐकलंच नाही, तर त्यांना दोष देऊ नका आणि डोंगर तर अजिबात चढू नका. कोणीतरी अनोळखी माणूस आपल्या वाट्याचं तुमच्यासाठी ठेवून गेलेलं असतं. बाही वर करा आणि घ्या.